जुन्या चिरेबंदी घराची वाढ: रेव्हिटमध्ये नव्या भिंती एका प्लॅनमध्ये दिसतात, दुसऱ्यात गायब

पाखाडी:

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या वाढीव बांधकामाचं मॉडेल रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करायच्या प्रोग्रॅममध्ये चालू आहे. मूळ घर म्हणजे ओटी, माजघर, दोन खोल्या आणि मागची पडवी. जुन्या भिंती मोजणीत ३८० मिमी जाडीच्या निघाल्या. मागची पडवी पाडून तिथे स्वयंपाकघर, एक खोली आणि न्हाणीघर यायचं आहे. नव्या भिंती २३० मिमी चिऱ्याच्या. परसाकडे जमीन उतरती आहे, म्हणून माजघराची लेव्हल ० धरून नव्या खोल्यांची जमीन −७५० ला घेतली आहे. तिच्या खालच्या अंगाला गडगा, म्हणजे आवाराची बुटकी भिंत, आहे: तळ −१६५०, उंची ९००.

अडचण अशी की एकच मॉडेल असून भिंती प्रत्येक व्ह्यूमध्ये (प्लॅन किंवा थ्रीडी चित्रात) वेगळ्या वागतात.

‘प्रस्तावित’ नावाच्या प्लॅनमध्ये स्वयंपाकघराची ४.२ मीटर लांब, ३ मीटर उंच भिंत काढली की क्षणात नाहीशी होते आणि काढलेला एकही घटक या व्ह्यूमध्ये दिसत नाही, अशी सूचना येते. हा प्लॅन पाडकामाच्या प्लॅनची प्रत काढून केलेला आहे. थ्रीडीत ती भिंत दिसते. ‘माजघर लेव्हल’ या मूळ प्लॅनमध्येही दिसते, पण तिथे न्हाणीघराच्या २४०० उंचीच्या भिंतींना हॅच (कापलेल्या भागातली भरण) नाही, नुसत्या बारीक रेषा आहेत, आणि गडगा अजिबात नाही. गंमत म्हणजे −७५० ची फरशी मात्र दिसते. इंजिनिअरला द्यायच्या स्ट्रक्चरल प्लॅनमध्ये कॉलम आहेत, भिंत एकही नाही. आणि जुन्या पडवीची भिंत तर थ्रीडीतही सापडत नाही.

व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये वॉल्सची खूण आहे. दिव्याचं बटण, म्हणजे रिव्हील हिडन, दाबून पाहिलं, त्यातही काही येत नाही. टेंपररी हाइड रीसेट केलं. शेड्यूलमध्ये (घटकांच्या तक्त्यात) नव्या भिंतींचं क्षेत्रफळ ९३.२ चौ.मी. येतं, हाताने मोजलं तर ६८. दारं-खिडक्या अजून बसवलेल्या नाहीत.

ओळंबा:

सर्वात आधी एक विनंती: दिसत नाही म्हणून भिंत पुन्हा काढू नका. भिंत तयार झालेली असते, फक्त त्या व्ह्यूला ती दाखवायची परवानगी नसते. तुमच्या शेड्यूलमधला फरक २५.२ चौ.मी. आहे. ४.२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीचं क्षेत्रफळ १२.६. म्हणजे अशा दोन भिंती जागच्या जागी दोनदा बसलेल्या असणार. त्याकडे नंतर येऊ.

अशा वेळी व्ह्यूच्या सेटिंगमध्ये शोधाशोध करण्याआधी भिंतीलाच विचारावं. थ्रीडीत भिंत निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये पाच गोष्टी वाचा: फेज क्रिएटेड (कुठल्या टप्प्यात बांधली), फेज डिमॉलिश्ड (कुठल्या टप्प्यात पाडली), बेस कन्स्ट्रेंट आणि ऑफसेट, टॉप कन्स्ट्रेंट, स्ट्रक्चरलची खूण. मग ज्या प्लॅनमध्ये ती दिसत नाही तिथे काहीही न निवडता व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमधून फेज, फेज फिल्टर (कुठल्या टप्प्याचं काय दाखवायचं), डिसिप्लिन (व्ह्यू कुठल्या कामाचा) आणि व्ह्यू रेंज (किती उंचीपासून किती खालपर्यंत दाखवायचं) वाचा. दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवली की कारण बहुतेक वेळा समोर येतं.

रिव्हील हिडनवर विसंबू नका. कॅटेगरी बंद केली असेल किंवा घटक लपवला असेल तर तो दिवा दाखवतो. फेजमुळे किंवा व्ह्यू रेंजमुळे वगळलेली भिंत त्याच्या आवाक्यात नाही. त्याऐवजी त्या प्लॅनचा फेज फिल्टर काही वेळापुरता ‘नन’ करा. मग फेजचा विचार न करता सगळं दिसतं, जुनं, नवं, पाडलेलं. पडवीची भिंतही त्यात उठून येईल. तिचे फेज इथे लिहा.

पाखाडी:

ओळंबा दादा, वाचून लिहितो.

स्वयंपाकघराची भिंत: क्रिएटेड ‘न्यू कन्स्ट्रक्शन’, डिमॉलिश्ड ‘नन’. ‘प्रस्तावित’ प्लॅन: फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’, फिल्टर ‘शो प्रिव्हियस + डेमो’. फिल्टरची जागा राखाडी आहे, बदलता येत नाही, त्यामुळे ‘नन’ची तपासणी ‘माजघर लेव्हल’मध्ये केली.

पडवीची भिंत त्यात सापडली: क्रिएटेड ‘एक्झिस्टिंग’, डिमॉलिश्डही ‘एक्झिस्टिंग’.

‘माजघर लेव्हल’ची व्ह्यू रेंज: टॉप २३००, कट प्लेन (ज्या पातळीवर भिंती कापून दाखवतात) १२००, बॉटम ०, व्ह्यू डेप्थ ०. न्हाणीघराच्या भिंती: बेस ऑफसेट −७५०, उंची २४००, टॉप अनकनेक्टेड. स्ट्रक्चरलची खूण एकाही भिंतीला नाही.

ओळंबा:

मग दोन गोष्टींची उत्तरं मिळालीच.

‘शो प्रिव्हियस + डेमो’ हा फिल्टर पाडकामाच्या नकाशासाठीच आहे. तो आधीच्या फेजचं शिल्लक राहणारं आणि या फेजमध्ये पाडायचं तेवढंच दाखवतो. या फेजमधलं नवं त्यात ‘नॉट डिस्प्लेड’ असतं. तुम्ही त्याच व्ह्यूमध्ये नवी भिंत काढता, ती व्ह्यूच्या फेजप्रमाणे ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ होते आणि फिल्टर तिला लगेच बाहेर ठेवतो. प्रोग्रॅम नीट वागतो आहे, व्ह्यूचं काम चुकीचं नेमलं गेलं आहे. फिल्टर ‘शो प्रिव्हियस + न्यू’ करा. जागा राखाडी आहे म्हणजे व्ह्यूला टेंप्लेट (ठरलेल्या सेटिंगचा साचा) लावलेलं आहे, आणि प्रत काढताना ते सोबत आलं. टेंप्लेट काढा किंवा प्रस्तावित प्लॅनसाठी वेगळं टेंप्लेट करा. एक लक्षात असू द्या: टेंप्लेटमध्ये फेज फिल्टर बांधता येतो, फेज नाही. म्हणून टेंप्लेट बरोबर असलं तरी प्रत्येक नव्या प्लॅनचा फेज स्वतः बघावाच लागतो.

पडवीची भिंत ‘एक्झिस्टिंग’मध्ये बांधली आणि ‘एक्झिस्टिंग’मध्येच पाडली असं मॉडेल सांगतं आहे. हातोड्याचं डिमॉलिश टूल ज्या व्ह्यूमध्ये चालवाल, त्या व्ह्यूचा फेज हाच पाडण्याचा फेज. विद्यमान प्लॅन उघडा ठेवून हातोडा चालवला की हे होतं. एकाच फेजमध्ये आलेली आणि गेलेली वस्तू रेव्हिट ‘टेंपररी’ मानतं, परांची-मचाणासारखी. पुढच्या फेजमध्ये तिचं अस्तित्वच नाही, म्हणून ‘न्यू कन्स्ट्रक्शन’च्या पाडकाम प्लॅनमध्ये ‘नन’ सोडून कुठल्याच फिल्टरने ती येणार नाही. ‘नन’ लावून भिंत निवडा आणि फेज डिमॉलिश्ड ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ करा. पडवीचे बाकीचे घटकही तपासा, खांब, कौलांचं छप्पर, पायऱ्या. भिंतीबरोबर तेही त्याच फेजमध्ये गेले असण्याची शक्यता मोठी.

पुढे घोळ नको म्हणून तीन प्लॅन स्वच्छ वेगळे ठेवा. विद्यमान: फेज ‘एक्झिस्टिंग’, फिल्टर ‘शो ऑल’. पाडकाम: फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’, फिल्टर ‘शो प्रिव्हियस + डेमो’. प्रस्तावित: फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’, फिल्टर ‘शो प्रिव्हियस + न्यू’. मोजणीचं घर फक्त पहिल्यात काढायचं, हातोडा फक्त दुसऱ्यात, नवी भिंत फक्त तिसऱ्यात.

गुण्या:

न्हाणीघर आणि गडगा यांचा फेजशी संबंध नाही, तो लेव्हलचा खेळ आहे. कोकणात उतारावरच्या घरात हे हमखास येतं, कारण ओटी, माजघर आणि परसातली पडवी क्वचितच एका पातळीवर असतात.

हिशोब मांडू. न्हाणीघराची भिंत −७५० वरून २४०० उंच, म्हणजे तिचा माथा +१६५०. कट प्लेन १२०० ला, म्हणजे भिंत कापली जायला हवी असं वाटतं. पण रेव्हिटचा एक नियम आहे: सहा फुटांपेक्षा, म्हणजे साधारण १८३० पेक्षा, कमी उंचीची भिंत कट प्लेनमध्ये आली तरी कापून दाखवायची नाही, वरून पाहिल्यासारखी दाखवायची. ही उंची भिंतीच्या तळापासून मोजली जात नाही. व्ह्यू रेंजच्या बॉटमपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत मोजली जाते. तुमचा बॉटम ०, माथा १६५०. सहा फूट भरत नाहीत, म्हणून हॅच नाही. टॉप अनकनेक्टेड असताना हा नियम लागतोच. स्वयंपाकघराची ३००० ची भिंत +२२५० पर्यंत जाते, म्हणून ती व्यवस्थित कापलेली दिसते. तुमच्या दोन भिंतींत फरक एवढाच आहे.

गडग्याचा माथा −१६५० + ९०० = −७५०. बॉटम आणि व्ह्यू डेप्थ दोन्ही ० ला, म्हणजे अख्खा गडगा त्यांच्या खाली. दिसणार कसा? मग फरशी का दिसते, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. फरशी, जिना आणि रॅम्प यांना रेव्हिट सवलत देतं: बॉटमच्या खाली चार फुटांपर्यंत, साधारण १२२० मिमी, असले तरी ते दाखवले जातात. भिंतीला ही सवलत नाही. फरशी दिसली म्हणून रेंज बरोबर आहे असं धरू नका.

दोन उपाय आहेत. अख्ख्या प्लॅनचा बॉटम −७५० आणि व्ह्यू डेप्थ −१८०० करता येईल. बॉटम −७५० झाला की न्हाणीघराची भिंत २४०० मोजली जाते आणि कापली जाते. गडग्याचा माथा बॉटमच्या पातळीवर येतो, त्याचं बाकी अंग व्ह्यू डेप्थच्या पट्ट्यात. बॉटम आणि व्ह्यू डेप्थच्या मधलं सगळं ‘बियाँड’ या रेषाप्रकारात येतं, तेव्हा गडग्याची रेषा वेगळी वाटली तर ऑब्जेक्ट स्टाइल्समध्ये नाही, लाइन स्टाइल्समध्ये बघा. पण या उपायाने माजघराच्या बाजूलाही जोत्याच्या खालच्या रेषा उगवतात आणि नकाशा गिचमिड होतो.

मला पसंत पडतो तो प्लॅन रीजन. व्ह्यू टॅब, प्लॅन व्ह्यूज, प्लॅन रीजन. नव्या खोल्या आणि गडगा मावेल असा बंद आयत काढा आणि त्याची रेंज द्या: कट प्लेन ४५०, बॉटम −७५०, व्ह्यू डेप्थ −१८००. कट प्लेन ४५० म्हणजे नव्या जमिनीपासून १२००. आत्ता तुमचा कट नव्या जमिनीपासून १९५० वर होतो, म्हणून पुढे खिडक्या बसवाल तेव्हा १८०० ला माथा असलेली खिडकी कापलेली दिसणार नाही. ते दुखणंही यातच जातं. दोन प्लॅन रीजन एकमेकांवर चढवता येत नाहीत, कडा जुळलेल्या चालतात. आणि रीजनची हिरवी तुटक रेषा व्ह्यूमध्ये दिसत असेल तर छापूनही येते, तेव्हा छापण्याआधी व्हिजिबिलिटी ग्राफिक्समध्ये ती बंद करा.

कोनवासा:

स्ट्रक्चरल प्लॅनचं मी सांगतो. व्ह्यूची डिसिप्लिन ‘स्ट्रक्चरल’ असली की नॉन-बेअरिंग, म्हणजे भार न घेणाऱ्या, भिंती दाखवल्या जात नाहीत. आर्किटेक्चरल वॉल टूलने काढलेली प्रत्येक भिंत सुरुवातीला नॉन-बेअरिंगच असते. व्हिजिबिलिटीत वॉल्सची खूण असूनही भिंती येत नाहीत त्या म्हणून.

डिसिप्लिन ‘कोऑर्डिनेशन’ केली तर सगळ्या भिंती दिसतील, पण इंजिनिअरला जायच्या कागदावर ते करू नये. जुन्या घरात वाशांचा आणि कौलांचा भार चिऱ्याच्या भिंतीच घेतात, तेव्हा त्या ३८० च्या भिंतींना स्ट्रक्चरलची खूण देणं हीच खरी माहिती आहे. खूण दिली की स्ट्रक्चरल युसेज ‘बेअरिंग’ होतं आणि भिंत प्लॅनमध्ये येते. नव्या भागात कॉलम-बीम आहेत, मग २३० ची भिंत भार घेणार की नुसती भरणी, हे इंजिनिअरला विचारून खूण करा. न्हाणीघरातल्या पातळ आडभिंतीला देऊ नका.

खूण देण्याऐवजी काही जण स्ट्रक्चरल वॉल टूल घेऊन भिंत नव्याने काढतात. त्या टूलचा ऑप्शन बार आधी बघा. तिथे ‘हाइट’च्या जागी ‘डेप्थ’ आलेलं असतं. म्हणजे भिंत लेव्हलपासून खाली जमिनीत जाते आणि त्याच लेव्हलच्या प्लॅनमध्ये दिसत नाही. ते ‘हाइट’ करून मगच पहिलं टोक टेकवा.

पाखाडी:

सगळं लागू पडलं. टेंप्लेट बदललं, स्वयंपाकघर दिसतं. प्लॅन रीजनने न्हाणीघर भरीव झालं आणि गडगाही आला. पडवी पाडकामात आली, छप्परही खरोखर ‘एक्झिस्टिंग’मध्येच पाडलेलं होतं. स्ट्रक्चरलमध्ये माजघराच्या भिंती दिसतात.

आता दुबार भिंती कशा काढू? एकावर एक असल्यामुळे कुठली मूळ हे कळत नाही. आणि मंजुरीच्या नकाशात पाडकाम पिवळ्या हॅचने आणि प्रस्तावित लाल रंगात हवं आहे. ते फेजमधून होतं, की फिल्ड रीजन (हाताने काढलेले रंगीत आकार) टाकावे लागतील?

ओळंबा:

मॅनेज टॅबमध्ये वॉर्निंग्ज उघडा. भिंती एकमेकींवर चढल्या आहेत, असा इशारा प्रत्येक जोडीमागे असेल. तो उघडला की दोन्हींचे आयडी दिसतात. एकीला खूण करून ‘शो’ दाबा. प्लॅनमध्ये निवडायची तर भिंतीवर कर्सर ठेवून टॅब दाबत राहा, निवड एकीवरून दुसरीवर जाते. जिला मोजमापं बांधलेली आहेत किंवा जी कोपऱ्यात नीट जोडलेली आहे ती ठेवा. दारं-खिडक्या बसवण्याआधी हे उरका, कारण दार दोनांपैकी एकाच भिंतीत बसतं आणि दुसरी त्याच्या तोंडावर आडवी राहते.

ही साफसफाई टाळू नका. चिऱ्याचा दर्शनी भाग सांध्यासकट ३७० × १९० धरला तर चौरस मीटरला १४ चिरे लागतात. २५.२ चौ.मी. म्हणजे साडेतीनशेहून जास्त चिरे अंदाजपत्रकात फुकट चढले. शेड्यूललाही स्वतःचा फेज आणि फेज फिल्टर असतो. नव्या कामाच्या परिमाणाला ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ आणि ‘शो न्यू’, पाडकामाच्या शेड्यूलला वेगळा फिल्टर. ‘शो ऑल’ ठेवलात तर माजघराच्या भिंतीही खरेदीत येतील.

रंगांसाठी फिल्ड रीजन अजिबात नको. भिंत हलली की रंग मागे राहतो. मॅनेज टॅब, फेजेस, तिथे ग्राफिक ओव्हरराइड्स. ‘डिमॉलिश्ड’ला पिवळा तिरका हॅच द्या, ‘न्यू’ला लाल भरीव. मग शेजारच्या फेज फिल्टर्समध्ये नवा फिल्टर तयार करा, नाव ‘मंजुरी’ द्या. न्यू: ओव्हररिडन, एक्झिस्टिंग: बाय कॅटेगरी, डिमॉलिश्ड: ओव्हररिडन, टेंपररी: नॉट डिस्प्लेड. तयार फिल्टरांमध्ये ‘न्यू’ हे ‘बाय कॅटेगरी’ असतं, म्हणून नुसता ओव्हरराइडचा रंग बदलून लाल येत नाही. बरेच जण तिथेच अडकतात.

पागोळी:

याच विषयातली माझी अडचण: मोजणीचं घर दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये केलं आहे आणि माझ्या फाइलमध्ये ते लिंक आहे. माझ्या प्रस्तावित प्लॅनमध्ये त्याच्या भिंती नव्यासारख्या दिसतात आणि विद्यमान प्लॅनमध्ये अजिबात नाहीत. वर्कसेट सगळे उघडे आहेत.

ओळंबा:

पागोळी ताई, मोजणी करणाऱ्याने घर ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ फेजमध्ये काढलं आहे. प्रोजेक्टचं टेंप्लेट उघडून सरळ काम सुरू केलं की असं होतं, कारण प्लॅनचा सुरुवातीचा फेज तोच असतो. लिंक निवडा, एडिट टाइप, तिथे फेज मॅपिंग. तुमच्या ‘एक्झिस्टिंग’समोर त्यांच्या फाइलमधला ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ निवडा. तेवढ्याने विद्यमान प्लॅन भागतो. पण लिंकमधली भिंत तुमच्या फाइलमधून पाडता येत नाही आणि तिच्यात दारही बसवता येत नाही. वाढीव कामात जुन्या भिंतीला तोंड पाडायचंच असतं. म्हणून शक्य असेल तर त्यांच्या फाइलमध्ये सगळं निवडून, फिल्टरने भिंती, फरशा, छप्पर, दारं-खिडक्या वेगळ्या करून फेज क्रिएटेड ‘एक्झिस्टिंग’ करून घ्या आणि मग लिंक बाइंड करा, म्हणजे आपल्या फाइलमध्ये मिसळून घ्या. खोल्यांची नावं मात्र अशी हलत नाहीत. रूमचा फेज ती ठेवताना ठरतो, नंतर बदलता येत नाही, तेव्हा ओटी, माजघर, देवघर ही नावं विद्यमान प्लॅनमध्ये नव्याने ठेवावी लागतील.

गुण्या:

जोड देतो. जुन्या भिंतीत नवं दार बसवताना प्लॅन प्रस्तावितच असू द्या. मग विद्यमान प्लॅनमध्ये ती भिंत सलग दिसते, कारण त्या फेजपुरती ती जागा रेव्हिट स्वतःच भरून दाखवतं. उलट जुनी खिडकी पाडली की प्रस्तावितमध्ये तिथे इनफिल (भोक बुजवणारी) भिंत आपोआप येते. तिच्यावर दुसरी भिंत काढू नका, निवडून तिचा प्रकार बदला.

आणि ३८० च्या जुन्या भिंतीला २३० ची नवी येऊन मिळते तिथे रेव्हिट दोन्ही आपोआप जोडतं. जागेवर जुन्या-नव्यात सांधा सोडायचा असेल तर नव्या भिंतीच्या टोकाच्या निळ्या ठिपक्यावर उजवं क्लिक करून ‘डिसअलाउ जॉइन’ करा आणि टोक जुन्या भिंतीच्या गिलाव्यापर्यंत हाताने आणा. दाते काढून बांधायचं की सांधा ठेवायचा हे इंजिनिअरकडून आधी लिहून घ्या, कारण नव्या पायाचं खचणं जुन्यासारखं नसतं आणि पावसाळ्यात पाणी त्या फटीतूनच आत येतं.